मांजराच्या दोन डोळ्यांतल्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसतायत, काय बघू?

सांजवात

नमस्कार. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचा गोट्या 2 वर्षांचा बोका आहे. नसबंदी झालेली आहे आणि तो घराबाहेर जात नाही. काल संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तो खिडकीत माझ्याकडे तोंड करून बसला होता. उजव्या डोळ्यातली बाहुली टपोरी, काळीभोर, भोवती बुबुळाची बारीक पिवळी कड तेवढी उरलेली. डावी मात्र उभी, निमुळती, उजवीच्या निम्मीही नाही. दिवा लावला तर दोन्ही बारीक झाल्या आणि फरक जवळपास दिसेनासा झाला. मला वाटलं भास झाला. आज पहाटे अंधुक उजेडात पुन्हा तेच.

एवढी मोठी बाहुली म्हणजे उजवा डोळा बिघडला असणार असं मला वाटतंय. डावा फक्त जरा झोपाळल्यासारखा दिसतो, आणि आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा थोडा वर आलाय. खाणं-पिणं नीट आहे, खेळतोय. रात्रभर नेटवर वाचत बसले आणि ब्रेन ट्यूमरपर्यंत पोचले. उद्या सकाळी 10 ला व्हेटची वेळ मिळालीय. तोपर्यंत मी घरी काय बघू, काय लिहून नेऊ?

(रंगीत भागाला बुबुळ आणि मधल्या काळ्या भागाला बाहुली म्हणतेय. आमच्या घरी दोन्हीला बुबुळच म्हणतात, म्हणून सांगितलं.)

मुसाफिर

घरात डोळ्यांचे थेंब असतील ना? एखाद-दुसरा थेंब घालून बघा. आमच्या बोक्याचा डोळा लाल झाला होता तेव्हा वडिलांचे उरलेले थेंब घातले होते, दोन दिवसांत उतरला.

निरगुडी

मुसाफिर, तुम्ही मदत म्हणूनच सांगताय, पण हे कृपया कुणीही करू नका. मी पशुवैद्यक आहे, कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करते, आणि उरलेल्या थेंबांनी गेलेले डोळे मी पाहिले आहेत.

माणसांच्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरत नाही, उलट खोल जाते, प्रसंगी आरपार. मांजरांमध्ये ही जखम बऱ्याचदा हर्पिसच्या विषाणूमुळे झालेली असते आणि स्टेरॉइड त्या विषाणूला मोकळं रान देतं. लालीवर मात्र स्टेरॉइड झटकन काम करतं. त्यामुळे वरून डोळा सुधारल्यासारखा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. काही थेंब बाहुली मोठी करणारे असतात. त्यांचा परिणाम कित्येक दिवस राहू शकतो, म्हणजे उद्या डॉक्टरांना जे बघायचंय तेच पुसलं जाईल. डोळ्यातला दाब आधीच वाढलेला असेल तर हे थेंब तो आणखी वाढवतात.

सांजवात, आता तुमच्या गोट्याकडे. स्क्रीनवरून निदान होत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते फार उपयोगाचं आहे. दोन बाहुल्या वेगळ्या दिसल्या की सगळे मोठ्या बाहुलीला दोषी धरतात. तिथेच थांबा. आधी ठरवायचं ते हे की हटून बसलेली बाहुली कोणती. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी, उजेडात बारीक. अंधारात फरक वाढत असेल तर लहान बाहुली उघडत नाहीये, दोष तिच्या बाजूला. भर उजेडात फरक वाढत असेल तर मोठी बाहुली मिटत नाहीये, दोष तिकडे.

तुमच्याच वर्णनात संध्याकाळी आणि पहाटे फरक दिसला, दिवा लावल्यावर गेला. म्हणजे माझं लक्ष डाव्या डोळ्याकडे जातं. तोच झोपाळलेला आहे आणि पडदाही त्यालाच आलाय.

आज रात्री असं करा. त्याला घेऊन एका अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटं शांत बसा. मांजर घाबरलं किंवा चेकाळलं की दोन्ही बाहुल्या आपोआप मोठ्या होतात, म्हणून तो निवांत असतानाच. मग मोबाइलचा टॉर्च हातभर अंतरावरून, आधी छताकडे धरून मंद उजेडात बघा, फोटो काढा. नंतर एका डोळ्यावर क्षणभर उजेड टाका. त्या डोळ्याची बाहुली मिटते का, आणि त्याच वेळी दुसऱ्याचीही थोडी मिटते का, दोन्ही बघा. टॉर्च रोखून धरू नका. खूप हळू मिटली तर लगेच घाबरू नका, भ्यालेल्या मांजरात तसं होतं. दवाखान्यात ही तपासणी नेहमी अवघड जाते, घरची नोंद म्हणूनच मोलाची.

रानवारा

निरगुडी, उत्तम समजावलंत. माझ्या भाटीला अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितो. तिच्या कानात मळ होता म्हणून मी जरा जोर लावून, द्रावण भरून कान साफ केला. दुसऱ्या दिवशी त्याच बाजूची बाहुली बारीक, वरची पापणी उतरलेली, डोळा किंचित आत गेल्यासारखा आणि तिसरी पापणी, म्हणजे तुम्ही म्हणताय तो आतल्या कोपऱ्यातला पडदा, अर्धा डोळा झाकून. डॉक्टरांनी नाव सांगितलं हॉर्नर सिंड्रोम. मला आधी पटेचना की कानाचं दुखणं डोळ्यात कसं दिसेल. कुठलेच थेंब न घालता तीनेक आठवड्यांत ते आपोआप गेलं. त्या दिवसापासून कान फक्त डॉक्टरांकडूनच साफ करून घेतो.

सांजवात, गोट्या कान खाजवतो का? डोकं झटकतो का?

सांजवात

रानवारा, तुम्ही विचारलंत आणि अंगावर काटा आला. महिनाभर डोकं झटकतोय. मला वाटलं गोचीड वगैरे असेल, कानात बघितलं, काही दिसलं नाही, सोडून दिलं. आणि झोपेत घोरतो. घोरण्याचे तर आम्ही व्हिडिओ काढून घरच्यांना पाठवलेत.

अंधाऱ्या खोलीत करून बघितलं. फरक स्पष्ट वाढला. उजवी पूर्ण गोल, डावी अडकल्यासारखी. टॉर्च टाकल्यावर दोन्ही मिटल्या. फोटो काढलेत.

निरगुडी

डोकं झटकणं आणि घोरणं उद्या पहिल्या वाक्यात सांगा.

कान आणि डोळ्याचा संबंध असा. बाहुली उघडण्याचं काम अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जातंतूंचं. हा रस्ता फार लांबून येतो. मेंदूतून निघतो, मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या भागापर्यंत खाली उतरतो, तिथून बाहेर पडून गळ्यातून वर चढतो, मधल्या कानातून जातो आणि मग डोळ्यात पोचतो. यात कुठेही अडथळा आला की परिणाम डोळ्यात दिसतो. बाहुली उघडत नाही, वरची पापणी उतरते, डोळा आत ओढला जातो आणि तिसरी पापणी सरकून पुढे येते. चारही एकाच तुटलेल्या दोरीची टोकं आहेत. योहान फ्रीडरिश हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने 1869 मध्ये माणसात याचं वर्णन केलं, तेच नाव आपण मांजरांतही वापरतो. हॉर्नरमध्ये डोळा दुखत नाही, दृष्टी जात नाही. म्हणून बघायचं ते डोळ्यापलीकडे: कान, गळ्याला झालेली चावाचावी, पुढच्या पायाला बसलेला हिसका, छाती.

लहान बाहुलीची दुसरी मोठी कारणं म्हणजे कॉर्नियावरची जखम आणि डोळ्याच्या आतला दाह, युव्हायटिस. या दोन्हींत डोळा दुखतो. मांजर रडून सांगत नाही. ते डोळा किलकिला करतं, पाणी गळतं, उजेड टाळून पलंगाखाली बसतं. युव्हायटिसमध्ये बुबुळाचा रंग मातकट किंवा लालसर होतो, आतलं पाणी गढूळ दिसतं. एका डोळ्याचा रंग दुसऱ्यापेक्षा मळलेला वाटला तर ती गोष्ट फार गांभीर्याने घ्या. फेलाइन ल्युकेमिया, एफआयव्ही, एफआयपी हे मांजरांचे विषाणूजन्य आजार किंवा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकतं. म्हणजे रक्ततपासणीही करावी लागते, नुसते थेंब देऊन भागत नाही.

शेपटीवाली

लहान बाहुलीचं चाललंय, मी मोठ्या बाहुलीचं लिहिते. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

माझी सोनी 14 वर्षांची होती, मूत्रपिंडाचा आजार आधीपासून माहीत होता. एका दुपारी ती उन्हात बसली होती आणि तिच्या दोन्ही बाहुल्या पूर्ण गोल होत्या. काळ्या, काठोकाठ. मी म्हटलं किती सुंदर दिसतेय, फोटो काढला. त्या रात्री ती पाण्याच्या भांड्याला धडकली. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना पंजा हवेत धरून जमीन चाचपडत होती. तेव्हा कळलं की तिला दिसत नाहीये. रक्तदाब 210 निघाला. दोन्ही डोळ्यांतले मागचे पडदे, म्हणजे रेटिना, सुटले होते, एका डोळ्यात रक्तस्राव. अम्लोडिपिन हे रक्तदाबाचं औषध सुरू केलं, दाब उतरला, एका डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळायला लागला. पुढे दीड वर्ष ती घर पाठ करून वावरली. आम्ही एक खुर्ची हलवली नाही.

मूत्रपिंडाच्या तपासणीला आम्ही वर्षभर नियमित जात होतो. त्या वर्षात एकदाही तिचा रक्तदाब मोजला गेला नाही, आणि विचारायला हवं हे मला माहीत नव्हतं. भर उन्हातला तो फोटो अजून माझ्याकडे आहे. उन्हात मांजराची बाहुली रेघेसारखी हवी. ती गोल असेल तर फोटो काढून थांबू नका.

निरगुडी

शेपटीवाली, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. खुर्ची न हलवणं हे तिच्यासाठी औषधाइतकंच होतं.

सगळ्यांसाठी: मांजर 7 वर्षांचं झालं की वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्या. मूत्रपिंडाचा आजार किंवा थायरॉइड वाढलेलं असेल तर अधिक वेळा. वरचा आकडा शांत अवस्थेत पुन्हापुन्हा 160 च्या वर येत असेल तर डोळ्यांना धोका सुरू झाला असं समजा, 180 च्या वर तो मोठा. पट्टा पायाला किंवा शेपटीला बांधतात, दुखत नाही. दृष्टी गेल्यापासून किती लवकर दाब खाली आला यावर थोडंफार परत मिळणं अवलंबून असतं. म्हणून तिथे दिवस नाही, तास मोजायचे.

दोन्ही बाहुल्या मोठ्या राहण्याची इतर कारणंही माहीत असू द्या. डोळ्यातला दाब वाढणं, म्हणजे काचबिंदू, मांजरात फार गुपचूप येतो. कुणी लाल डोळा म्हणून आणतं तोवर डोळा आकाराने मोठा झालेला असतो. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक मांजराला जास्त मात्रेत गेलं तर डोळ्याचा मागचा पडदा कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या प्राण्याचं औषध अंदाजाने देऊ नये. वर्षानुवर्षं कुत्र्यांचं अन्न खाणाऱ्या मांजरातही दृष्टी जाते, कारण मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातून मिळावंच लागतं. त्याच्या अभावी पडदा मरतो हे 1975 मध्ये दाखवलं गेलं.

पिंगळा

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या मांजराची एक बाहुली गोलही नाही आणि फटही नाही. एक बाजू सरळ, दुसरी फुगीर, उभ्या धरलेल्या धनुष्यासारखी. फोटोचा दोष असेल का?

निरगुडी

फोटोचा दोष नसावा. मांजराच्या बाहुलीची ही खास गंमत आहे, आणि इथे जरा रमते, माफ करा. आपली बाहुली गोल वळ्यासारख्या स्नायूने मिटते. मांजरात त्याच्या जोडीला वर-खाली दोन पट्टे आहेत, ते कात्रीच्या पात्यांसारखे दोन्ही बाजूंनी बाहुली दाबतात. म्हणून ती रेघेइतकी बारीक होऊ शकते. सर्वांत लहान ते सर्वांत मोठी यांत मांजराच्या बाहुलीचं क्षेत्रफळ सुमारे 135 पट बदलतं, आपलं सुमारे 15 पट. आता, ही बाहुली मिटवायला मांजराच्या डोळ्यात दोनच बारीक मज्जातंतू जातात, एक नाकाच्या बाजूने, एक गालाच्या बाजूने. एकाच तंतूला इजा झाली की तेवढीच अर्धी बाजू लुळी पडते आणि इंग्रजी डी अक्षरासारखी बाहुली दिसते. याचा फेलाइन ल्युकेमियाशी संबंध आढळतो, म्हणून ती रक्ततपासणी करून घ्याच. कधी कधी बाहुल्यांचा लहान-मोठेपणा बाजू बदलत राहतो, आज उजवी मोठी, चार दिवसांनी डावी. तिथेही हीच तपासणी आधी.

मांजराचं वय किती? म्हातारं असेल तर बुबुळ झिजूनही कडा वेड्यावाकड्या होतात, कसर लागलेल्या कापडासारख्या. ते निरुपद्रवी असतं, फक्त उजेड जास्त बोचतो.

पिंगळा

4 वर्षं. तपासणी या आठवड्यात करतो.

कुंदकळी

बुबुळावर तपकिरी ठिपके आलेत, दोन वर्षांपूर्वी एक होता, आता पाच-सहा. डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा. पण लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

निरगुडी

दर महिन्याला, त्याच खिडकीत, त्याच वेळी, बाहुली बारीक असताना फोटो. एकदा समोरून, एकदा बाजूने. सपाट ठिपके वर्षानुवर्षं तसेच राहू शकतात. ते एकमेकांत मिसळायला लागले, मखमलीसारखे उठून दिसू लागले, बुबुळ जाड झालं किंवा बाहुलीचा आकार ओढल्यासारखा झाला तर नेत्रतज्ज्ञ पशुवैद्यकाकडे. बुबुळाचा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, मांजरात असाच पावलापावलाने येतो.

सांजवात

आलो दवाखान्यातून. आधी कॉर्नियावर हिरवट-पिवळा रंग टाकून जखम आहे का बघितलं, नाही. दोन्ही डोळ्यांतला दाब ठीक. मग फेनिलेफ्रिनचे, म्हणजे बाहुली उघडणारे, थेंब घातले आणि डावी बाहुली 20 मिनिटांच्या आत उघडली. डॉक्टर म्हणाल्या दोरी शेवटच्या टप्प्यात तुटलीय, म्हणजे कानाच्या आसपास. कानात दुर्बीण घातली तर पडदा फुगलेला. भूल देऊन टाळूच्या मागे बघितलं तर तिथे गुलाबी गाठ, मधल्या कानातून उगवून घशात लोंबणारी. पॉलिप. कॅन्सर नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं कारण मी तीनदा विचारलं. तरुण मांजरांत होतो म्हणे. म्हणून घोरत होता बिचारा. ओढून काढली.

आता रात्र झालीय आणि मी पुन्हा घाबरलेय. उजवी बाहुली प्रचंड मोठी आहे, भर दिव्याखाली. डावी आधीपेक्षाही बारीक आणि पडदा निम्म्यावर. काही चुकलं का?

निरगुडी

वेदनाशामक कोणतं दिलंय? ब्युप्रेनॉर्फिन असेल तर त्या, म्हणजे अफूवर्गीय, गटातली औषधं मांजराच्या बाहुल्या मोठ्या करतात. माणसात उलट होतं. उजवी त्यामुळे मोठी, डावी दोरीअभावी उघडू शकत नाही, म्हणून फरक भयंकर दिसतोय. पॉलिप ओढल्यावर हॉर्नर काही दिवस वाढतोच, बऱ्याच मांजरांत तर शस्त्रक्रियेनंतरच पहिल्यांदा दिसतो. तरी दवाखान्याला फोन करून एवढं कळवा. मान तिरकी झाली, तोल जायला लागला किंवा डोळे एका लयीत हलताना दिसले तर रात्रीच न्या.

सांजवात

ब्युप्रेनॉर्फिनच आहे. फोन केला, त्यांनीही हेच सांगितलं. झोपलाय. घोरत नाहीये. इतकी शांतता आहे की दोनदा उठून श्वास बघितला.

मुसाफिर

सगळा धागा वाचला. थेंबांबद्दल मी चुकीचं सांगितलं होतं, उरलेल्या बाटल्या टाकून दिल्या. आता खरंच मदत हवी आहे. जिन्याखाली व्यायलेल्या भाटीची पिल्लं आहेत, साधारण 9 दिवसांची. एकाचे डोळे अजून मिटलेले, आणि एका पापणीखाली फुगवटा आलाय. इतरांचे उघडतायत. थांबू का?

निरगुडी

थांबू नका. डोळे 7 ते 14 दिवसांत उघडतात, त्यामुळे मिटलेले असणं ठीक, पण फुगवटा म्हणजे आत पू साठलाय. त्यावर दाब राहिला तर डोळा उघडायच्या आधीच जातो. आजच न्या, ते हलक्या हाताने पापणी उघडून धुतील. तोवर कोमट ओला कापूस पापणीवर ठेवा, चिपडं सैल होऊ द्या, बोटांनी ओढून उघडू नका. आईलाही सोबत न्या.

मुसाफिर

नेलं. वाटीभर पू नाही, पण मोहरीएवढ्या डोळ्यातून किती निघाला म्हणून सांगू. कॉर्निया शाबूत आहे. मलम दिवसातून चार वेळा. आई शेजारीच बसून बघत होती.

सांजवात

पाच आठवड्यांनी लिहितेय, निरगुडी आणि रानवारा यांना कळवायचं होतं. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, त्याच खिडकीत, फोटो काढत गेले. पहिले दहा दिवस काहीच हललं नाही. मग पडदा खाली सरकायला लागला, मग पापणी वर आली, बाहुली सगळ्यात शेवटी. काल दोन्ही सारख्या टपोऱ्या. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडद्याची एक पांढरी कड अजून दिसते, तो दमला असला की जास्त.

पॉलिप पुन्हा येऊ शकतो असं सांगितलंय, म्हणून तीन महिन्यांनी घसा आणि कान पुन्हा तपासणार. परवा झोपेत एकदा घोरल्यासारखा आवाज आला. मी टॉर्च घेऊन धावले, तर तो नव्हता, घरातलंच दुसरं माणूस होतं.

रानवारा

फोटो ठेवत राहा. माझ्या भाटीचा पडदा अजूनही थंडीच्या दिवसांत किंचित वर येतो, पाच वर्षं झाली. बाहुल्या मात्र सारख्याच आहेत.